शेवट कापलेली गोष्ट

जून 2018 च्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट आहे. नोकरीतून निवृत्त होऊन मी जालन्यात राहायला आलो होतो. एके दिवशी घरच्याच व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुतण्याने टाकलेला एक व्हिडिओ माझ्या मोबाईलवर आला. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, त्यातला मागचा वाकून एका पोराला उचलतो आणि गाडी भरधाव निघून जाते. खाली मजकूर होता की मुले पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे, लेकरांना सांभाळा आणि हा संदेश सगळ्यांना पाठवा. माझी नात त्या वेळी चार वर्षांची होती आणि अंगणात खेळत होती. मी आधी तिला घरात बोलावले, मग तो व्हिडिओ तीन-चार गटांवर पाठवून दिला. त्यात मी जिथे बरीच वर्षे शिकवले त्या भोकरदन तालुक्यातल्या गावाचाही गट होता.

मी आयुष्यभर मराठी शिकवली. मुलांच्या प्रश्नपत्रिकेत 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' हा प्रश्न न चुकता घातला. हे वाक्य कोण कोणास म्हणाले, केव्हा म्हणाले, त्याच्या आधी काय घडले होते आणि नंतर काय घडले, हे सांगता आल्याशिवाय मी कुणाला पूर्ण गुण दिले नाहीत. त्या व्हिडिओला मात्र यातला एकही प्रश्न विचारण्याचे मला सुचले नाही.

दोन दिवसांनी त्या गावातून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आवाज घाबराघुबरा होता. सकाळी गावच्या पारावर पोरांनी एका माणसाला धरले होते. अंगात खाकी कपडे, हातात लाकडी दंडुका, ओठावर खोटी मिशी. पोलिसाचे सोंग घेऊन गल्लीतल्या लेकरांशी बोलत होता म्हणून संशय आला. कुणी म्हणाले आधार कार्ड दाखव, कुणी म्हणाले टोळीचाच आहे. बघता बघता साठ-सत्तर माणसे जमली. एक-दोन जणांनी हात टाकला. तेवढ्यात बांगड्यांची टोपली घेऊन निघालेली खाला तिथे थांबली. वय सत्तरीच्या पुढे. गर्दीतून वाट काढत ती पुढे गेली, त्या माणसाकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "अरे, हा तर रायरंद आहे! याचा बाप माझ्या दारात दर साली फौजदार होऊन यायचा. कोंबडी चोरली म्हणून माझ्यावर वॉरंट काढायचा." मग त्याला म्हणाली, "ते बापाचं वॉरंट वाचून दाखव बरं यांना." त्या माणसाने थरथरत्या आवाजात सुरुवात केली. पहिल्या दोन-चार वाक्यांना कुणी हसले नाही. मग मागे उभा असलेला एक म्हातारा हसला. मग दुसरा. ज्यांनी त्याची कॉलर धरली होती त्यांचे हात आपोआप खाली आले.

हे सगळे सांगून झाल्यावर तो विद्यार्थी थोडा घुटमळला. म्हणाला, "सर, राग मानू नका, पण तो व्हिडिओ आमच्या गटावर तुमच्याच नंबरावरून आला होता. सरांनी पाठवलाय म्हणजे खरा असेल, असं पोरं म्हणत होती."

त्यानंतर चार-पाच दिवसांतच वर्तमानपत्रात राईनपाड्याची बातमी वाचली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारे समजून. ते भिक्षा मागत गावोगाव फिरणारे लोक होते. आमच्या गावच्या पाराला खाला भेटली, राईनपाड्याच्या त्या पाच जणांना कुणी भेटले नाही. दोन गावांमध्ये अंतर होते ते एवढेच. माझ्या हातून काय घडता घडता राहिले, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे त्या व्हिडिओची हकीकत बाहेर आली. तो आपल्या देशातला नव्हताच. पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी ती छोटी फिल्म बनवली होती. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. मुलांवर लक्ष ठेवा, मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा त्यावरचा संदेश. कुणीतरी हा शेवटचा भाग कापून टाकला आणि उरलेला तुकडा सोडून दिला. त्यात एकही दृश्य नव्याने घातले नव्हते. काढले होते फक्त शेवटचे काही क्षण. लोकांच्या लेकरांच्या काळजीपोटी बनवलेली एक कलाकृती केवळ शेवट कापल्यामुळे माणसे मारण्याचे हत्यार बनली.

तेव्हापासून हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. अपप्रचार म्हणजे खोटे बोलणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. म्हणून त्याला उत्तर म्हणून आपण खरी माहिती गोळा करतो, आकडे देतो, खुलासे छापतो. ते करायलाच हवे. पण निव्वळ खोटा अपप्रचार फार काळ टिकत नाही. जो टिकतो, तो बहुतेक वेळा खऱ्याचा तुकडा असतो. कधी गोष्टीचा शेवट कापलेला असतो, कधी सुरुवात. तुकड्यातले शब्द खरे असतात, त्यामुळे माणूस फसतो. गोष्ट कापलेली आहे हे ओळखायला माहिती पुरत नाही, कान लागतो. तो कान कशाने तयार होतो, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

माझा कान माझ्या दादीने तयार केला होता. निदान तिने तसा प्रयत्न केला होता. ती शाळेत गेलेली नव्हती. उर्दूची अक्षरे जेमतेम ओळखायची. पण रमजानच्या रात्री ती आम्हा नातवंडांना हजरत यूसुफचा किस्सा सांगायची. गोष्ट लांब होती, एका रात्रीत संपायची नाही. भाऊ यूसुफला विहिरीत टाकतात, तिथे मला रडू यायचे आणि मी उठून जायला निघायचो. ती हात धरून खाली बसवायची. "अरे, पूरी सुन तो ले! बीच में कायकू उठता?" हे तिचे वाक्य आजही माझ्या कानात आहे.

कुरआनात इतर पैगंबरांच्या कथा ठिकठिकाणी विखुरलेल्या आहेत. यूसुफची कथा मात्र एकाच सूरहमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग येते, आणि तिथेच तिला उत्तम कथा म्हटले आहे. ही कथा मी शेकडो वेळा ऐकली असेल, पण ती पुराव्याची कथा आहे हे मला फार उशिरा उमगले. त्यात यूसुफचा सदरा तीनदा येतो. पहिल्यांदा भाऊ त्याला खोटे रक्त लावून बापापुढे ठेवतात आणि लांडग्याने खाल्ले म्हणून सांगतात. सदरा खरा होता, रक्तही रक्तच होते, पण गोष्ट रचलेली होती. दादी इथे मुफस्सिरांनी सांगितलेला तपशील घालायची. याकूब सदरा उलटसुलट करून पाहतात. तो कुठे फाटलेलाच नसतो! लांडगा इतका सभ्य कसा की मुलाला खाल्ले आणि सदऱ्याला ओरखडाही काढला नाही? दुसऱ्यांदा मिसरमध्ये यूसुफवर आळ येतो, तेव्हा घरातलाच एक जण म्हणतो, सदरा पुढून फाटलाय की मागून ते आधी पाहा. तिसऱ्यांदा त्याच यूसुफचा सदरा आंधळ्या झालेल्या बापाच्या चेहऱ्यावर टाकला जातो आणि त्यांना दृष्टी येते.

एक साधा सदरा. एकदा खोट्याचा पुरावा, एकदा खऱ्याचा पुरावा आणि शेवटी डोळ्यांचे औषध. जो विहिरीजवळच उठून गेला त्याच्या हाती फक्त रक्त लागलेला सदरा राहतो.

सूरह हुजुरातमध्ये आपल्याला स्पष्ट हुकूम आहे की भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करा, नाहीतर नकळत एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल. जुम्म्याच्या बयानात हे आपण किती वेळा ऐकले असेल! मलाही हा हुकूम पाठ होता, तरी माझे बोट थांबले नाही. हुकूम माहीत असणे वेगळे आणि सवय असणे वेगळे. हुकूम सांगतो की थांब. थांबायचे कसे, सदरा उलटून पाहायचा कसा, हे गोष्ट शिकवते. तेही एकदा ऐकून नाही, अनेकदा ऐकून, बालपणापासून ऐकून. ही सवय गेली काही वर्षे मी स्वतःच सोडली होती. मोबाईल आल्यापासून एखादी कादंबरी सलग वाचल्याचे मला आठवत नव्हते. तुकडे वाचत होतो, तुकडे पुढे ढकलत होतो.

आपल्या मराठीतही याचा एक मोठा दाखला आहे आणि तो फार लांबचा नाही. पैठण आमच्या अंबड तालुक्याच्या शेजारीच आहे. सोळाव्या शतकात तिथे बसून संत एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. दौलताबादेत मुसलमानी सत्ता होती, पैठणात ब्राह्मणांचा दरारा होता, आणि दोन्हीकडे एकमेकांविषयी बरेच काही बोलले जात असणार. एकनाथांनी ते लपवले नाही. त्यांच्या संवादातला तुर्क हिंदूच्या मूर्तीला नावे ठेवतो, देवांच्या कथांची टर उडवतो, सोवळ्याओवळ्यावर बोट ठेवतो. हिंदूही मागे राहत नाही. देव सगळीकडे आहे म्हणता, मग हाका कशाला मारता, एकाच दिशेला तोंड कशाला करता, असे विचारतो. दोघांचीही जीभ तिखट आहे. आज यातला कुठलाही अर्धा भाग उचलून गटावर टाकला तर संध्याकाळपर्यंत दंगल होईल. पण संवाद तिथे संपत नाही. भांडता भांडता दोघे अशा ठिकाणी येतात जिथे एकच परमेश्वर दोघांच्याही बोलण्यात उरतो. शेवटी दोघे एकमेकांना नमस्कार करतात आणि गळाभेट घेतात.

एकनाथ मला प्रामाणिक वाटतात ते या गळाभेटीमुळे नाही. गळाभेट आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे, ईद-दिवाळीच्या मिलन समारंभात ती दरवर्षी फोटोसाठी होते. मला मोल वाटते ते आधीच्या भांडणाचे. एकनाथांनी तुर्काला बोलू दिले. पूर्ण बोलू दिले, त्याच्या हिंदी-मराठी मिसळलेल्या भाषेत, आणि त्याचे टोमणे बोथट केले नाहीत. समोरच्याला बोलू न देता जी एकी दाखवली जाते, तीही एक प्रकारे कापलेलीच गोष्ट असते. तिची सुरुवात कापलेली असते.

इथे कुणी म्हणेल, कलेचे फार कौतुक करू नका. अपप्रचार करणारेही सिनेमा काढतात, गाणी रचतात, पोवाडे गातात. हे अगदी खरे आहे. जर्मनीत लिऑन फॉइक्टवांगर या ज्यू लेखकाने 1925 मध्ये 'यूद स्यूस' ही कादंबरी प्रसिद्ध केली. अठराव्या शतकात एका जर्मन राजाच्या पदरी असलेल्या आणि 1738 मध्ये फाशी गेलेल्या ज्यू कारभाऱ्याची ती कहाणी. लेखकाने त्याला देवमाणूस केले नाही. तो सत्तेचा लोभी आहे, कठोर आहे, लोकांना पिळतो. पण शेवटी जीव वाचवण्याची वाट समोर असूनही तो आपले ज्यू असणे नाकारत नाही, आणि आपल्यापुढे एक गुंतागुंतीचा, पूर्ण माणूस उभा राहतो. पंधरा वर्षांनी, 1940 मध्ये, नाझी सरकारच्या प्रचारमंत्र्याच्या आदेशावरून त्याच माणसावर त्याच नावाचा सिनेमा निघाला. त्यात लोभ ठेवला, दुष्टपणा वाढवला आणि माणूस काढून टाकला. तो सिनेमा कोट्यवधी लोकांनी पाहिला. माणसे पकडायला आणि मारायला पाठवायच्या दलांनाही तो दाखवला गेला.

आणि ही जर्मनी अडाणी नव्हती. गटे आणि शिलर घरोघर वाचणारा तो देश होता. गटे ज्या वायमार शहरात राहिला, त्याच्या शेजारच्या टेकडीवर 1937 मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली. म्हणजे पुस्तके वाचणारा माणूस अपप्रचाराला बळी पडत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. मी स्वतःच त्याचा पुरावा आहे. पाराजवळ ज्या खालाने माणूस वाचवला तिने एकही पुस्तक वाचलेले नव्हते, आणि ज्या सरांनी त्याला मरणाच्या दारात नेले त्यांच्या घरात पुस्तकांची तीन कपाटे होती.

मग खालाकडे काय होते? तिच्याकडे त्या माणसाची आधीची गोष्ट होती. जमावाला दिसत होता तो एका सकाळचा तुकडा, खोटी मिशी लावलेला एक परका माणूस. खालाला त्यामागची चाळीस वर्षे दिसत होती. त्याचा बाप, त्याचे सोंग, ते खोटे वॉरंट, दिलेले पायलीभर धान्य. एका लोककलेने गावाची त्या फिरत्या घराण्याशी ओळख करून दिली होती आणि ती ओळख खालाने जपली होती. गावात टीव्ही आला, मोबाईल आला, पोरांना सोंगे पाहण्यात गंमत उरली नाही. त्यामुळे पोरांना तो माणूस अनोळखी झाला. डवरी गोसाव्यांचेही तेच झाले असावे. एके काळी त्यांच्या डवराच्या आवाजाने दार उघडायचे. आवाज ओळखीचा राहिला नाही आणि मागे उरले फक्त परके चेहरे.

म्हणजे प्रश्न किती वाचले हा नाही. ऐकलेली गोष्ट आपण पूर्ण ऐकतो की नाही, आणि तिच्यातल्या माणसाला माणूस म्हणून ओळखतो की नाही, हा आहे. चांगले साहित्य आपल्याला ही कसरत करायला लावते. हीच कसरत चुकवून वाचले तर गटेही उपयोगी पडत नाही.

इथपर्यंत लिहिणे मला सोपे गेले. दुसऱ्यांनी कापलेल्या गोष्टी लगेच दिसतात. अवघड आहे ते आपण स्वतः कापलेली गोष्ट पाहणे. ती सांगितल्याशिवाय हा लेख पूर्ण करण्याचा मला अधिकार नाही.

जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 1948 सालाची आमच्या घरात एक गोष्ट आहे, दादीच सांगायची. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या दिवसांत आमच्या खेड्यावर जमाव चालून आला. शेजारच्या मराठा पाटलांनी आमच्या घरातल्या बायका-मुलांना तीन रात्री कडब्याच्या गंजीमागे लपवून ठेवले आणि दारात स्वतः कुऱ्हाड घेऊन बसले. त्यात माझे वडील होते, तेव्हा सात वर्षांचे. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. शाळेत, एकात्मतेच्या कार्यक्रमांत, साहित्य मेळाव्यांत. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचे.

पण दादीच्या गोष्टीला आधीचा भाग होता. अ‍ॅक्शनच्या आधी काही महिने रझाकारांची टोळी त्याच गावात आली होती. त्यांनी पाटलांची धान्याची पेवे उपसली आणि त्यांच्या थोरल्या भावाला चावडीपुढे इतके मारले की तो पुढे कधी सरळ उभा राहिला नाही. आमच्या घरातला एक पुरुष, माझ्या आजोबांचा चुलतभाऊ, त्या टोळीला वाट दाखवत होता. पाटलांना हे माहीत होते. हे माहीत असूनही ते कुऱ्हाड घेऊन दारात बसले. दादी गोष्ट नेहमी इथूनच सुरू करायची. मी मात्र व्यासपीठावर गंजीपासून सुरुवात करायचो.

मी खोटे काहीच बोलत नव्हतो. फक्त सुरुवात कापत होतो. त्यामुळे गोष्टीत आम्ही निव्वळ निरपराध राहत होतो आणि पाटील निव्वळ भले. एका कार्यक्रमानंतर त्याच पाटलांचे नातू मला भेटले. वयाने माझ्याएवढेच. हात हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, छान सांगता. आमचे थोरले आजोबा मात्र तुमच्या गोष्टीत कधी येत नाहीत." आवाजात राग नव्हता. त्याच वेळी मला हेही कळले की सुरुवात कापल्याने माझे अपराध झाकले गेले हे तर खरेच, पण पाटलांची थोरवीही मी अर्ध्यावर आणून ठेवली होती. ज्याचे काहीच बिघडले नाही त्याने आसरा देणे चांगलेच आहे. ज्याच्या भावाला मोडले त्याने आसरा देणे ही वेगळीच गोष्ट आहे.

मराठवाड्यातल्या आपल्या सगळ्यांचे 1948 विषयी असेच काहीसे झाले आहे. एका बाजूची गोष्ट रझाकारांच्या अत्याचारांपासून सुरू होते आणि 17 सप्टेंबर 1948 ला, निजामाच्या शरणागतीला, संपते. पुढचे तिला ठाऊक नसते. दुसऱ्या बाजूची गोष्ट बरोबर 17 सप्टेंबरला सुरू होते आणि मागचे तिला ठाऊक नसते. त्या दिवसांत मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या त्यांची पाहणी करायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. उर्दूतले नामवंत लेखक काझी अब्दुल गफ्फार हे तिचे एक सदस्य होते. समितीने मृतांचा अंदाज 27 हजार ते 40 हजार असा दिला, आणि तो अहवाल पुढे अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. एकीकडे सरकारने गोष्टीचा शेवट कपाटात ठेवला, दुसरीकडे आपल्या घरांनी सुरुवात संदुकीत ठेवली.

आणि या कापाकापीत हरवली ती शोएबुल्ला खान यांच्यासारखी माणसे. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक रझाकारांविरुद्ध आणि संस्थान भारतात विलीन व्हावे म्हणून लिहीत होता. 22 ऑगस्ट 1948 च्या आसपासच्या रात्री कार्यालयातून घरी परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडला गेला. रझाकार म्हणजे मुसलमान, असे सांगणाऱ्या गोष्टीत ते बसत नाहीत. मुसलमानांवर फक्त अन्यायच झाला, असे सांगणाऱ्या गोष्टीतही ते अडचणीचे ठरतात. म्हणून दोन्हीकडची मुले त्यांचे नाव न ऐकता मोठी होतात.

मंटोने फाळणीवर 'सियाह हाशिये' नावाच्या अगदी छोट्या छोट्या गोष्टी लिहिल्या, काही तर दोन-तीन ओळींच्या. त्यातल्या बऱ्याच गोष्टींत मारणारा कुठल्या धर्माचा आणि मरणारा कुठल्या, हे तो सांगतच नाही. वाचताना आपण मनातल्या मनात अंदाज बांधू लागतो आणि अंदाज बांधताना स्वतःलाच पकडतो. आपण कुणाला मारेकरी ठरवले? का ठरवले? हमीद दलवाईंच्या नंतरच्या भूमिकांविषयी आपल्यात टोकाचे मतभेद आहेत, माझेही काही आहेत. पण 1965 साली आलेली त्यांची 'इंधन' वाचताना मतभेद बाजूला राहतात. कोकणातल्या त्या गावात वणवा एका ठिणगीने पेटत नाही. घराघरांत, आपल्याही घरांत, आधीपासून सरपण रचलेले असते, हे दिसत जाते. ज्या लेखनाने आपल्याच लोकांना अवघडल्यासारखे होते ते बहुधा पूर्ण गोष्टीच्या जवळ गेलेले असते. ज्याने फक्त समोरच्याला टोचते ते मात्र मी आता दोनदा तपासून घेतो.

आपल्याविषयी आज काय काय पसरवले जाते ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. ज्याला रोज सिद्ध करावे लागते की आपण माणूस आहोत, त्याला 'आधी स्वतःची कापलेली गोष्ट जोड' असे सांगणे कठोर वाटेल. घरे पेटवणाऱ्याचा आणि घाबरून अर्धी गोष्ट सांगणाऱ्याचा अपराध सारखा नाही, हे मी जाणतो. तरीही मला वाटते की अर्ध्या गोष्टीला दुसऱ्या अर्ध्या गोष्टीने उत्तर देता येत नाही. त्याने फक्त दोन जमाव तयार होतात, एकेक तुकडा हातात घेतलेले. 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण म्हणत आलो की आमची गोष्ट मराठीत आम्हीच सांगू. तो हक्क मिळवायलाच हवा होता. पण गोष्ट सांगण्याचा हक्क आपल्या हाती आला की कात्रीही हाती येते, याची जाणीव मला फार उशिरा झाली.

अलीकडे मी एवढेच करतो. मोबाईलवर काही आले आणि ते वाचून अंग तापले, की आधी बोट मागे घेतो. जे वाचून लगेच संताप येतो तेच बहुधा कापलेले असते, असा माझा अनुभव आहे. मग तोच शाळेतला प्रश्न स्वतःला घालतो. कोण कोणास म्हणाले? आधी काय झाले? नंतर काय झाले? उत्तर मिळाले नाही तर पुढे पाठवत नाही. मोहल्ल्यातल्या मुलांना रविवारी जमवून गोष्टी वाचून दाखवतो. एकनाथांचा संवाद वाचला तेव्हा दोन मुलांना तुर्क केले, दोघांना हिंदू, आणि मध्येच अदलाबदल केली. आधी त्यांना ते रुचले नाही. "सर, मी का हिंदू?" म्हणून एक जण रुसला. पण दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य जोरात म्हणायचे तर ते काही क्षण तरी खरे मानून म्हणावे लागते. ते त्याला जमले. यातून उद्या कुणाचा जीव वाचेल की नाही, मला सांगता येणार नाही. राईनपाड्यासारख्या जमावापुढे कविता उभी राहत नाही. पण जमाव होण्याआधी ती माणसे आपापल्या घरात एकेकटी असतात, आणि तिथे गोष्ट पोहोचू शकते.

1948 ची गोष्टही मी आता पेवांपासून सुरू करतो. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात. मागच्या वेळी पाटलांचे नातू पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या थोरल्या आजोबांचे नाव मी पहिल्यांदाच व्यासपीठावरून घेतले. त्यांनी मान खाली घातली आणि कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही.

तो रायरंद मात्र त्या सालानंतर त्या गावात परत आला नाही. मी विद्यार्थ्याकडे दोनदा चौकशी केली. खालाही आता हयात नाही. त्या माणसाच्या बापाचे ते खोटे वॉरंट पूर्ण ठाऊक असलेले कुणी गावात उरले असेल, असे वाटत नाही. त्याची माफी मागायची राहून गेली आहे. कुठे भेटला तर सांगेन की ते वॉरंट मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकव, मी मध्येच उठणार नाही.